मी आता उतरतोय

बायकोला घरात ठेवून, बाहेरून कुलूप लावून मी कामावर निघून गेलो, यात माझा काडीइतकाही वाईट हेतू नव्हता, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. आमच्या इमारतीत या प्रसंगाची जी वर्णनं फिरताहेत त्यांतल्या काहींत मी संशयी नवरा आहे आणि एकात तर सरळसरळ खलनायक आहे. खरा प्रकार अगदी साधा होता. ती बाल्कनीत कपडे वाळत घालत होती. मी चहा प्यालो, बूट घातले, डबा घेतला, दार ओढलं आणि रोजच्यासारखं कुलूप लावलं. इतकी वर्षं ती माझ्याआधी शाळेत शिकवायला बाहेर पडायची. नुकतीच ती निवृत्त झाली होती. ही गोष्ट माझ्या डोक्याला कळली होती, हातांना अजून कळायची होती.

ती वरून ओरडली म्हणे. मी म्हणे हात हलवून तिचा निरोप घेतला. 'म्हणे' अशासाठी की मला यातलं काहीही आठवत नाही; तळमजल्याच्या काकू तेव्हा साक्षीला होत्या आणि त्या अजूनही साक्षीलाच असतात. बरं, तिनं फोन करावा तर तिचा आणि माझा असे दोन्ही फोन माझ्याच पिशवीत. शेवटी वरच्या मजल्यावरच्या काकांनी कुलूपवाला शोधून आणला आणि त्यानं कुलूप कापलं, तोवर दुपार झाली होती.

आता यात बिघडलं काय, तर त्याच सकाळी तिला एका सहलीचं पक्कं करायला मैत्रिणींकडे जायचं होतं. लहानपणी शाळेत एका बाकावर बसणाऱ्या या बायका, आता सगळ्या निवृत्त. त्यांनी आठवडाभर समुद्रकाठी जाऊन राहायचा बेत केला होता. त्यांच्या म्होरक्या बाईंना सगळे कर्नल म्हणतात. सैन्याशी त्यांचा संबंध नाही, त्या मुलींना कवायत शिकवायच्या. पण त्यांनी 'बसा' म्हटलं की माझ्यासारखा माणूस खुर्ची आहे की नाही हे न बघता बसतो.

माझी बायको आयुष्यात एकटी कुठे गेलेली नाही. आधी आईवडील, मग मी, मग मुलगा, मग माझी आई. कुठेही गेली तरी तिच्या हातात कुणाची तरी औषधं नाहीतर कुणाचा तरी स्वेटर. समुद्र तिनं पाहिलाय, पण तोही पोरगं पाण्यात जाईल म्हणून पोराकडे बघत बघत. त्या संध्याकाळी तिनं कर्नलबाईंना फोन करून 'माझं जमणार नाही' असं कळवलं. मी शेजारीच बसलो होतो.

"घरात माणूस आहे की नाही हे ज्यांना कळत नाही, त्यांच्यावर घर टाकून मी कशी येऊ गं?" ती फोनवर म्हणाली. आवाज चढवून म्हणाली असती तर मी भांडलो तरी असतो. ती अगदी शांतपणे म्हणाली.

कुलूप लावलेलं घर निदान सुरक्षित तरी होतं, असा एक मुद्दा मी मांडायला घेतला होता. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मी तो मागे घेतला. मग ती कपाटातल्या चादरींच्या नीट असलेल्या घड्या मोडून परत घालत बसली. तिला जायचं होतं. फार जायचं होतं. एवढं तर माझ्यासारख्यालाही दिसत होतं आणि मला मनापासून वाईट वाटलं.

त्यात माझा धंदा लक्षात घ्या. मी बससेवेच्या मुख्य आगारात हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीचा प्रमुख आहे. लोक बसमध्ये छत्र्या विसरतात, चपला विसरतात, एका गृहस्थांनी तर कवळी सोडली होती. ती न्यायला ते आले तेव्हा मी पुरावा मागितला. ते तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाले. मी म्हटलं, बसवून दाखवा. बसली, तेव्हाच दिली. असा मी माणूस आहे. इतकी वर्षं मी खिडकीतून लोकांना एकच उपदेश करत आलोय, की लक्ष कुठे असतं हो तुमचं? आणि आता हाच प्रश्न आमच्या इमारतीतलं शेंबडं पोरही मला विचारू लागलं.

म्हणून मी ठरवलं की लक्ष द्यायला शिकायचं. ती निघायला अजून अवकाश होता, कर्नलबाईंनी तिची जागा धरून ठेवली होती. मी बदललोय हे तिच्या डोळ्यांना दिसलं की ती जाईल, असा माझा साधा हिशेब होता.

आमच्या मेहुणीला असल्या गोष्टींची भारी हौस. तिनं लगेच फोनवर ध्वनिफिती पाठवल्या. "भाऊजी, फक्त वर्तमान क्षणात राहायचं, दुसरं काही नाही," ती म्हणाली. ऐकायला सोपं वाटलं. ध्वनिफितीत एक बाई इतक्या संथपणे बोलत होत्या की दोन शब्दांच्या मध्ये माणसानं अंघोळ उरकावी. श्वासाकडे बघा. पायाच्या अंगठ्याकडे लक्ष द्या. घास चावताना फक्त चावा. मनात जे येईल त्याच्याशी भांडू नका, त्याला फक्त नाव द्या: हा राग, ही भीती, हा कंटाळा.

पहिल्याच सकाळी मी न्याहारीचा पाव लक्षपूर्वक खाल्ला. पावाला एवढा तपशील असतो हे मला माहीत नव्हतं. कडा वेगळी, मऊ भाग वेगळा, आणि चावत गेलं की तो जरा गोडही लागतो. मी दुसरा तुकडा संपवेपर्यंत माझी बस निघून गेली होती. आगारात हजेरी घेणाऱ्या माणसानं उशिराचं कारण विचारलं. ध्वनिफितीतल्या बाई म्हणाल्या होत्या की खोटं बोलू नये, म्हणून मी म्हटलं, पाव चावत होतो. त्यानं तसंच लिहिलं आणि तो कागद पुढे फिरत फिरत मोठ्या बाईंच्या टेबलावर गेला. मोठ्या बाई म्हणजे आमच्या आगारप्रमुख. त्यांची गोष्ट पुढे येईलच.

मुख्य अडचण अशी की ध्वनिफीत बंद केली की माझं मनही बंद व्हायचं. श्वासाकडे बघायला लागलं की झोप यायची आणि अंगठ्याकडे बघायला लागलं की नखं कापायची राहिली आहेत हे आठवायचं. कात्री शोधता शोधता मी गॅस चालू ठेवून खाली दूध आणायला गेलो.  बायकोनं गॅस बंद केला आणि कर्नलबाईंना पुन्हा एकदा नकार कळवला.

तेव्हा वरच्या मजल्यावरच्या काकांनी मला जिन्यात गाठलं. काका हवामान खात्यात होते. वारा, पाऊस, दाब, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. अजूनही ते बाल्कनीत उभे राहून आभाळाला शेरे देतात. त्यांनी सांगितलं की मनातल्या मनात केलेल्या निरीक्षणाला काही अर्थ नसतो. त्यांच्या वेधशाळेत प्रत्येक आकडा वाचताना मोठ्यानं म्हणायची पद्धत होती. तोंडानं म्हटलं की कानाला ऐकू येतं आणि कानाला ऐकू आलं की हात चुकत नाही. "तुम्ही जे करता ते मोठ्यानं म्हणा," ते म्हणाले, "आणि बघा."

इथे माझी चूक झाली. दोन डॉक्टरांची औषधं एकत्र घेऊ नयेत हे मला कळतं, पण दोन गुरूंचं काय करायचं हे कुणी सांगितलं नव्हतं. मेहुणीच्या बाई म्हणत होत्या की मनात येईल त्याला नाव द्या. काका म्हणत होते की मोठ्यानं बोला. मी दोन्ही एकदम सुरू केलं.

घरात त्याचा चमत्कार झाला, हे मला मान्य करावंच लागेल. मी गॅस बंद करतोय. मी नळ बंद करतोय. मी बायको कुठे आहे ते बघतोय, ती आतल्या खोलीत आहे. मी किल्ली डाव्या खिशात ठेवतोय. एकही गोष्ट चुकेना. बायको म्हणाली की घरात दिवसभर क्रिकेटचं समालोचन लागल्यासारखं वाटतं, पण निदान गॅस बंद असतो. ती जरा हसली. मी ते हसणं लगेच मोठ्यानं नोंदवलं आणि ती थांबली.

जिन्यात मात्र प्रकरण चिघळलं. 'मी आता उतरतोय, मी आता उतरतोय' असं म्हणत मी एकेक पायरी उतरायचो, तेव्हा तळमजल्याच्या काकू दार किलकिलं करून बघायच्या. त्यांच्या एका दिराचं असंच सुरू झालं होतं म्हणे. आधी तो स्वतःशी बोलायचा, मग भिंतीशी, आणि आता कुणालाच ओळखत नाही. त्यांनी बायकोला बोलावून माझ्या मेंदूचा फोटो काढून घ्यायला सांगितलं, वर एक चांगला माणूसही सुचवला. दुसऱ्या दिवशी इमारतीतली दोन कुटुंबं मला बघायला आली. मी ठणठणीत आहे असं सांगितलं तर त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. आजाऱ्याला बघायला आलेल्या माणसांना आजारी माणूस न मिळणं फार जिव्हारी लागतं. ती जाताना माझ्यावर चिडूनच गेली.

आगारात तर विचारूच नका. एक बाई छत्री शोधत आल्या. मी म्हटलं, मी आता छत्र्यांचा गठ्ठा सोडतोय. मी आता निळी छत्री बघतोय. ही तुमची नाही. मला आता कंटाळा येतोय. बाईंनी तक्रार केली. मी त्यांना समजावून सांगितलं की कंटाळा त्यांचा नव्हता, केवळ कंटाळा होता, येतो आणि जातो. त्यांनी दुसरी तक्रार केली.

मग मोठ्या बाई स्वतः खिडकीवर आल्या. त्यांच्या हातात दोन्ही तक्रारी आणि पावाचा कागद. त्या बोलू लागल्या आणि माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, की मला आता भीती वाटतेय. त्या थांबल्या. मी म्हटलं, मला आता थोडा राग येतोय. मागे उभ्या असलेल्या आमच्या सहकारी बाईंनी डोळे मिटून घेतले. या बाई आवक वस्तूंवर शिक्का मारतात, म्हणून आम्ही त्यांना शिक्केबाई म्हणतो.

"आणि आता?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"आता पश्चात्ताप होतोय," मी म्हटलं.

त्यांनी मला लेखी आदेश दिला, की कामाच्या वेळेत कर्मचाऱ्यानं आपल्या भावना आत ठेवाव्यात. आगाराच्या इतिहासात असा आदेश बहुधा पहिलाच असेल. तो सूचनाफलकावर लागला आणि चालक-वाहक मंडळी तो वाचायला लांबलांबून येऊ लागली.

पण हे सगळं मी सहन केलं, कारण घरी गाडी रुळावर येत होती. एका संध्याकाळी मी कामावरून आलो तेव्हा बायको फोनवर बोलत होती. "बघते," ती म्हणत होती, "बघते म्हणाले ना." नकार द्यायचा असला की ती 'बघते' म्हणत नाही. दुसऱ्या दिवशी तिनं माळ्यावरची बॅग काढून पुसली. मी स्वयंपाकघरात जाऊन 'मी आता आनंदी आहे' असं हळूच म्हणून आलो.

प्रवासाच्या आदल्या दिवशी एक बारीकसं काम निघालं. निवृत्त शिक्षकांना तिकिटात सवलत असते, पण त्यासाठी तिकिटावर मुख्य आगाराचा शिक्का लागतो, आणि शिक्क्यासाठी मूळ ओळखपत्र दाखवावं लागतं. मी म्हटलं, मी आहे ना. माझंच आगार. तिनं तिकीट, ओळखपत्र आणि तिचा नवा चष्मा असं सगळं एका छोट्या निळ्या पिशवीत घातलं. चष्म्याची काडी सैल झाली होती, आगाराजवळच्या दुकानात ती घट्ट करून आणायची होती. पिशवी देताना तिनं क्षणभर ती सोडली नाही. मी माझ्या बाजूनं धरली होती, ती तिच्या बाजूनं. मग तिनं सोडली.

सगळं झालं. शिक्का झाला, काडी घट्ट झाली. संध्याकाळच्या बसमध्ये मला खिडकीजवळची जागा मिळाली. इतकं सगळं बिनचूक पार पडल्यावर माणसानं स्वतःला जरा बक्षीस द्यावं म्हणून मी कानात ती ध्वनिफीत लावली. 'प्रवासातली सजगता' नावाची होती. बाई म्हणाल्या, आसनाचा स्पर्श अनुभवा. अनुभवला. म्हणाल्या, हात मोकळे सोडा, तळवे वरच्या दिशेला. माझ्या मांडीवर पिशवी होती. ती मी शेजारी ठेवली आणि तळवे वर केले. माझ्या उभ्या आयुष्यात इतका सुंदर प्रवास मी केलेला नाही. खिडकीतून येणारा वारा, इंजिनाची थरथर, पुढच्या बाईंच्या केसांतला पिवळा चिमटा. मन एकदाही घराकडे गेलं नाही, ऑफिसकडे गेलं नाही, कुठेही गेलं नाही. माझा थांबा आला.

मी आता उठतोय, मी म्हटलं. लोकांनी आपोआप वाट करून दिली. मी आता पाऊल टाकतोय. मी आता दांडा धरतोय. मी आता उतरतोय.

"दिसतंय," वाहक म्हणाला. "उतरा."

मी उतरलो. दोन्ही पाय जमिनीवर टेकल्याचं मला जाणवलं. बस गेल्याचं जाणवलं. दोन्ही हात मोकळे आहेत याची मला संपूर्ण सजगतेनं जाणीव झाली.

पुढचं धावणं मात्र अजिबात सजग नव्हतं. बसच्या मागे मी धावलो, ओरडलो, एका सायकलवाल्याला आडवा गेलो आणि त्याच्याकडून माझ्या वडिलांचा उद्धार ऐकून घेतला. बस वळणावरून दिसेनाशी झाली. जगात सगळ्यांना लक्ष द्या म्हणून सांगणारा मी, रस्त्याच्या कडेला धापा टाकत उभा होतो आणि माझ्या कानात बाई म्हणत होत्या की सर्व काही ठीक आहे.

घरी गेल्यावर बायकोनं विचारलं, शिक्का झाला का? मी म्हटलं, झाला. हे खरं होतं. पिशवी कुठाय, तिनं विचारलं. आगारात आहे, सकाळी घेऊन येतो, मी म्हटलं. हेही खरंच होतं, फक्त जरा लवकर सांगितलेलं होतं. बसमध्ये सापडलेली प्रत्येक वस्तू सकाळपर्यंत आमच्या खिडकीवर येते. तिची बस दुपारची होती. ती बॅग भरत होती आणि गुणगुणत होती. ती गुणगुणते हे मी विसरूनच गेलो होतो.

सकाळी आगार उघडायच्या आधी मी दारात उभा. शिक्केबाई आल्या, कुलूप काढलं, आणि आवक टेबलावर माझी निळी पिशवी. जीव भांड्यात पडला. मी हात पुढे केला.

"साहेब, हात लावू नका," शिक्केबाई म्हणाल्या. "नोंद झालीय."

मी त्यांना सांगितलं की ही पिशवी माझी आहे. त्यांनी आतलं ओळखपत्र काढून माझ्या चेहऱ्याशी धरलं आणि म्हणाल्या, ही तर बाई आहे. मी म्हटलं, माझी बायको आहे. त्यांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. ओळखपत्र असलेली वस्तू फक्त ओळखपत्रावरील व्यक्तीलाच मिळेल. पती, पत्नी व इतर नातेवाइकांनी गळ घालू नये. पाटी मी लिहिलेली होती. 'गळ घालू नये' हे शब्द तर मी खास माझ्या हातानं लाल रंगात रंगवले होते. शिवाय वस्तू देणाऱ्याची सही माझी आणि घेणाऱ्याचीही सही माझी, हे चालणार नाही असंही त्या म्हणाल्या. हा नियमही माझाच होता. इतके चांगले नियम मी कशाला केले, असं मला पहिल्यांदाच वाटलं.

मी मोठ्या बाईंकडे गेलो. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"आता काय वाटतंय?" त्यांनी विचारलं.

"भीती," मी म्हटलं.

"कुणाची?"

"बायको जायची नाही याची."

 मग त्या म्हणाल्या की मागे त्यांच्या सख्ख्या भावाचं हेल्मेट त्या स्वतः घ्यायला आल्या होत्या, तेव्हा मी त्यांना याच पाटीखाली उभं करून परत पाठवलं होतं. ते मला आठवत नव्हतं. त्यांना आठवत होतं. नियम सगळ्यांना सारखा, त्या म्हणाल्या, पण वहिनी स्वतः आल्या तर त्यांना रांगेत थांबवणार नाही.

म्हणजे आता दोनच वाटा. बायकोला सांगायचं, तर ज्या माणसानं तिचं तिकीट आणि तिची ओळख बसमध्ये सोडली त्याच्यावर घर टाकून ती जाणार नाही. न सांगायचं, तर तिकिटाशिवाय तिला कुणी बसमध्ये घेणार नाही. मी जिन्याखाली जाऊन उभा राहिलो. काय वाटतंय त्याला नाव द्यायचं सुचलं नाही. मी सरळ फोन लावला.

"अगं, पिशवी मी काल बसमध्ये विसरलो," मी म्हटलं. "सापडलीय. माझ्याच खिडकीवर आहे, पण ती मला मिळत नाही. तुलाच यावं लागेल. आणि तू जा. काहीही झालं तरी तू जा."

 पलीकडून फोन बंद झाला.

ती आली तेव्हा तिच्यासोबत बॅग होती आणि कर्नलबाई होत्या. कर्नलबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी आपोआप ताठ उभा राहिलो. शिक्केबाईंनी ओळखपत्र हातात धरून बायकोचा चेहरा पडताळला, पिशवीत काय काय आहे ते विचारून घेतलं, सही घेतली आणि पिशवी दिली. बायकोनं नवा चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि भिंतीवरची पाटी सावकाश, शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. खाली माझं नाव होतं.

आणि ती हसायला लागली. आधी तोंडावर हात धरून, मग हात काढून, मग टेबलाला टेकून. शिक्केबाईही हसल्या. आतून मोठ्या बाई बाहेर आल्या आणि पाटीकडे न बघता हसल्या. कर्नलबाई हसल्या नाहीत, पण त्यांनी मला 'बसा' असं म्हटलं, आणि या खेपेला खुर्ची होती.

"तू जाणार नाहीस आता," मी म्हटलं. माझा आवाज मलाच बारीक वाटला.

ती डोळे पुसत माझ्याजवळ आली. "अहो, तुम्ही सुधारलात म्हणून मी निघाले होते असं वाटलं का तुम्हाला?" ती म्हणाली. "सुधारण्याचा आणि तुमचा काय संबंध? मला जायचंय म्हणून मी जातेय. आणि घर काही बसमध्ये विसरता येत नाही."

एवढे दिवस मी पाव चावला, अंगठा पाहिला, जिन्यात बडबडलो, सूचनाफलकावर लागलो, ते सगळं कशासाठी, असा प्रश्न मला तिथल्या तिथे पडायला हवा होता. माझा मान, माझी मेहनत, सगळं तिनं एका वाक्यात निकालात काढलं होतं. पण खरं सांगतो, मला इतकं हलकं वाटलं की मी खुर्चीतच मागे रेललो. छातीवर बसलेलं कुणीतरी उठून गेल्यासारखं वाटलं. दुपारी त्यांची बस निघाली तेव्हा ती खिडकीत होती आणि पिशवी तिच्या मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेली. तिनं हात हलवला नाही, कारण पिशवी सोडायची नव्हती. मान हलवली. मला ते चाललं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिचा फोन नाही. गॅस बंद केलात का, दार लावलंत का, जेवलात का, काही नाही. मी फोन समोर ठेवून बसलो. अंडी उकडून खाल्ली, भांडी घासली, परत बसलो. इतकी काळजी करणारी बाई, आणि हिला माझी आठवणसुद्धा येऊ नये? शेवटी मीच फोन केला. कर्नलबाईंनी उचलला. त्यांच्यामागे पाणी गरजत होतं.

त्या म्हणाल्या की ती पाण्यात उभी आहे. दुपारीही उभी होती, आताही उभी आहे, घोट्याएवढ्या पाण्यात. चहाला हाक मारली तर ऐकू गेली नाही. कुणाकडेही बघत नाही, फोटो काढू देत नाही, काही बोलत नाही. "जोरात बोलावू का?" त्यांनी विचारलं. त्यांनी जोरात बोलावलं असतं तर समुद्रही मागे सरकला असता.

"नको," मी म्हटलं. "उभी राहू द्या."

काही निरोप आहे का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही, सगळं छान आहे. त्यांनी फोन ठेवला, पण बंद केला नाही, कुठेतरी दगडावर तसाच ठेवला असावा. कारण पाण्याचा आवाज मला येत राहिला. यायचा, फुटायचा, मागे जायचा. मी तो कानाशी धरून बसलो. मधे कधीतरी वरचे काका दार ढकलून आत आले आणि काय चाललंय म्हणून विचारू लागले. मी तोंडावर बोट ठेवलं आणि फोन आमच्या दोघांच्या मधे टेबलावर ठेवला. काकाही खुर्ची ओढून बसले आणि डोळे मिटून ऐकू लागले.

"भरती चढतेय," बऱ्याच वेळानं ते हळूच म्हणाले. "त्यांना मागे यायला सांगा."

"तिला कळतं, काका," मी म्हटलं. "ती येईल."